लॅपटॉपचा प्रोसेसर निवडताना: वेग किती हवा आणि बॅटरी किती टिकावी

लॅपटॉप घेताना बहुतेकांची नजर आधी प्रोसेसरच्या नावावर जाते आणि नावातला आकडा जितका मोठा तितका लॅपटॉप चांगला, असा ठोकताळा तिथेच बांधला जातो. बॅटरीचा विचार नंतर येतो, आणि तोही ‘किती तास चालते?’ एवढ्यापुरताच. खरे तर हे दोन प्रश्न एकमेकांपासून वेगळे काढताच येत नाहीत, कारण प्रोसेसरला वेग वाढवण्यासाठी जास्तीचे वॅट लागतात आणि चार्जर लावलेला नसेल तेव्हा ते बॅटरीतूनच येतात. तरीही माझ्या अनुभवाने बनलेले मत असे आहे की, रोजच्या वापरात बॅटरी किती टिकेल हे प्रोसेसर जास्तीत जास्त किती वीज खेचू शकतो यावर फारसे ठरत नाही. काम नसताना तो किती कमी विजेवर बसून राहतो आणि काम संपल्यावर किती लवकर त्या स्थितीला परत जातो, यावर ते ठरते. म्हणून कमाल वेगाचा आकडा पाहण्याआधी स्वतःच्या कामाचा हिशेब मांडावा.

आधी स्वतःचे काम मोजा

हे मोजमाप सध्या वापरात असलेल्या संगणकावरच करता येते. विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो आणि त्यातल्या परफॉर्मन्स या भागात प्रोसेसरचा आलेख सरकताना दिसतो. मॅकवर ॲक्टिव्हिटी मॉनिटर हेच दाखवतो. ही खिडकी कोपऱ्यात उघडी ठेवून आपले नेहमीचे काम दोन-तीन दिवस करावे आणि अधूनमधून आलेखाकडे पाहत राहावे. मजकूर टाइप करताना रेषा तळाशी जवळजवळ सपाट असते. एखादे जड संकेतस्थळ उघडले की ती एकदम वर उसळते आणि दोन-तीन सेकंदांत पुन्हा खाली येते. मोठी एक्सेल फाइल उघडतानाही असाच एक सुळका उमटतो. व्हिडिओ कॉल सुरू असताना मात्र रेषा मधल्याच कुठल्यातरी उंचीवर तासभर पठारासारखी राहते. आणि व्हिडिओ संपादित करून तो एक्स्पोर्टला लावला, की ती वरच्या कडेला जाऊन चिकटते आणि काम पूर्ण होईपर्यंत तिथून हलत नाही.

आपल्या दिवसात यांपैकी काय जास्त आहे, हे कळले की अर्धी निवड झाली असे समजायला हरकत नाही. ज्यांच्या दिवसात प्रामुख्याने सुळकेच आहेत, त्यांना एकेका कोअरचा (प्रोसेसरमधल्या स्वतंत्रपणे काम करणाऱ्या प्रत्येक भागाचा) वेग चांगला असलेला, पण काम संपताच झोपी जाणारा प्रोसेसर हवा. कोअरची संख्या दुप्पट झाल्याने त्यांची फाइल निम्म्या वेळात उघडणार नाही. हे पडताळून पाहायचे असेल, तर टास्क मॅनेजरमधल्या आलेखावर उजवी कळ दाबून लॉजिकल प्रोसेसर्सचा पर्याय निवडावा, म्हणजे एका आलेखाच्या जागी अनेक छोटे चौकोन दिसतात. काम सुरू असताना त्यातले एक-दोनच चौकोन भरत असतील आणि बाकीचे रिकामे राहत असतील, तर जास्त कोअरसाठी मोजलेले पैसे त्या कामासाठी तरी वाया जातील. उलट सगळे चौकोन एकदम काठोकाठ भरत असतील, तर कोअरची संख्या आणि लॅपटॉपची गरम न होण्याची क्षमता या दोन्ही गोष्टी खरोखर महत्त्वाच्या ठरतात.

याच वेळी आणखी एक प्रश्न स्वतःला विचारावा: रेषा वरच्या कडेला चिकटते तेव्हा मी कुठे बसलेला असतो? एक्स्पोर्ट किंवा रेंडरिंग (आराखड्यापासून अंतिम चित्र तयार करणे) नेहमी टेबलाशी, चार्जर लावूनच होत असेल, तर त्या कामाचा बॅटरीशी काहीच संबंध उरत नाही, आणि बॅटरीवरच्या हलक्या कामात जो कमी वीज खाईल असाच प्रोसेसर शोधणे पुरेसे असते. प्रवासात किंवा बाहेरच्या कामाच्या जागी जड काम करावे लागत असेल, तर मात्र निवड खरोखर अवघड होते.

वॅटचा हिशेब

बॅटरीची क्षमता वॅट-तासांत छापलेली असते. तिला लॅपटॉपच्या सरासरी वीजवापराने भागले की तास मिळतात. समजा बॅटरी ५६ वॅट-तासांची आहे आणि आपल्याला ८ तास हवे आहेत, तर संपूर्ण लॅपटॉपला सरासरी ७ वॅटमध्ये भागवावे लागेल. या ७ वॅटमध्ये पडदा, मेमरी, एसएसडी आणि वायफाय असे सगळेच आले. प्रोसेसरच्या वाट्याला त्यातले दोन-तीन वॅट आले तरी पुष्कळ. आता तोच लॅपटॉप सतत ५० वॅट खेचणाऱ्या कामाला लावला, तर तीच बॅटरी ७० मिनिटेही पुरणार नाही. जाहिरातीतले १५ तास आणि प्रत्यक्षातला जेमतेम तासभर हे दोन्ही एकाच यंत्राच्या बाबतीत खरे असू शकतात, ते यामुळेच.

या हिशेबात बॅटरीचे वय धरायला विसरू नये. काही वर्षांच्या वापरानंतर क्षमता मूळच्या ८० टक्क्यांवर येणे ही सामान्य गोष्ट आहे, म्हणजे आजचे ८ तास तेव्हा साडेसहाच्या आत येतात. ज्याला रोज ६ तास खात्रीने हवे आहेत, त्याने आज ८ तास देणारे यंत्रच घ्यावे. बॅटरीला वरची मर्यादाही आहे: विमानात परवानगीशिवाय नेता येणाऱ्या बॅटरीची कमाल क्षमता १०० वॅट-तास असल्याने मोठ्यात मोठ्या लॅपटॉपच्या बॅटऱ्याही ९९ वॅट-तासांच्या आसपास थांबतात. त्यामुळे ‘प्रोसेसर खादाड असला तरी बॅटरी मोठी घेऊ’ हा मार्ग फार लांब जात नाही.

वेग इतका महाग का पडतो, हे समजून घेतले की पुढचे बरेच निर्णय सोपे होतात. प्रोसेसरमधल्या ट्रान्झिस्टरांच्या उघडझापीसाठी लागणारी वीज ही क्लॉक स्पीडच्या (प्रोसेसरच्या गिगाहर्ट्झमधल्या वेगाच्या) प्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. मुळातल्या वेगापेक्षा बराच वरचा वेग गाठायचा, तर व्होल्टेजही वाढवावे लागते. समजा वेग २० टक्क्यांनी वाढवण्यासाठी व्होल्टेजही २० टक्क्यांनी वाढवावे लागले, तर १.२ चा घन, म्हणजे सुमारे १.७३ पट वीज लागेल. काम एक-षष्ठांश वेळ आधी संपेल हे खरे, तरीही त्या कामावर खर्च झालेली एकूण ऊर्जा ४४ टक्क्यांनी जास्त असेल. टर्बोचे, म्हणजे थोड्या वेळासाठी वाढवलेल्या वेगाचे, शेवटचे काही शे मेगाहर्ट्झ बॅटरीला इतके जड का जातात, ते या साध्या गुणाकारात दिसते. याचा अर्थ संथ प्रोसेसर नेहमीच वीज वाचवतो, असा मात्र मुळीच नाही. काम रेंगाळले तर तेवढा वेळ मेमरी आणि इतर भागही जागे राहतात आणि त्यांची वीज जळत राहते. सगळ्यात कमी ऊर्जा लागते ती मधल्या वेगाने काम उरकून पटकन झोपी जाण्यात, आणि आजचे चांगले प्रोसेसर हेच करण्याचा प्रयत्न करतात. दोन प्रकारचे कोअर एकाच प्रोसेसरमध्ये बसवण्यामागेही हाच विचार आहे: परफॉर्मन्स कोअर सुळक्यांसाठी आणि एफिशिअन्सी कोअर पार्श्वभूमीवर चालणाऱ्या किरकोळ कामांसाठी.

नाव नीट वाचणे

सर्वाधिक फसगत इथे होते, त्यामुळे या भागाला जास्त वेळ द्यावा. प्रोसेसरच्या नावातला ५, ७ किंवा ९ हा आकडा फक्त त्या मालिकेतला दर्जा सांगतो. विजेविषयी तो जवळजवळ काहीच सांगत नाही. वीज सांगतात ती नावाच्या शेवटची अक्षरे. इंटेलचे कोअर अल्ट्रा ७ हे एकच नाव घेऊन पाहा. कोअर अल्ट्रा ७ २५५यू याची मूळ वीजमर्यादा १५ वॅट आहे. कोअर अल्ट्रा ७ २५८व्ही याची १७ वॅट, कोअर अल्ट्रा ७ २५५एच याची २८ वॅट आणि कोअर अल्ट्रा ७ २५५एचएक्स याची ५५ वॅट. चौघांच्याही डब्यावर मोठ्या अक्षरांत ‘अल्ट्रा ७’ असेच लिहिलेले असते. कोअर मोजायला गेले तर २५८व्हीमध्ये ८ आहेत, २५५यूमध्ये १२, २५५एचमध्ये १६ आणि एचएक्समध्ये २०.

मूळ मर्यादेइतकीच महत्त्वाची असते ती टर्बोची कमाल मर्यादा. २५५यू थोड्या वेळासाठी ५७ वॅटपर्यंत जाऊ शकतो, २५५एच ११५ वॅटपर्यंत, तर २५८व्ही ३७ वॅटवर थांबतो. म्हणजे ‘यू’ अक्षर पाहून ‘हा १५ वॅटच खाणार’ असे गृहीत धरले, तर तेही चुकते. इंटेलच्या संकेतस्थळावर प्रत्येक प्रोसेसरच्या पानावर ‘प्रोसेसर बेस पॉवर’ आणि ‘मॅक्झिमम टर्बो पॉवर’ असे दोन्ही आकडे दिलेले असतात. निवड करण्यापूर्वी ते पान एकदा उघडून पाहावेच. माझ्या मते बॅटरीला प्राधान्य असणाऱ्या विंडोज वापरणाऱ्याने या चौघांमध्ये ‘व्ही’कडे आधी पाहावे. सप्टेंबर २०२४ मध्ये आलेली ही मालिका मुळात कमी विजेसाठीच रचलेली आहे आणि तिची मेमरी प्रोसेसरच्याच पॅकेजवर बसवलेली असते. त्याची दुसरी बाजूही आहे: ती मेमरी पुढे वाढवता येत नाही. मॉडेल क्रमांकाचा शेवटचा आकडा ६ असेल तर १६ जीबी आणि ८ असेल तर ३२ जीबी, एवढेच दोन पर्याय मिळतात आणि ते खरेदीच्या दिवशीच ठरवावे लागतात. शिवाय सर्व कोअर एकदम राबवणाऱ्या कामात २५५एच हा २५८व्हीच्या बराच पुढे जातो.

एएमडीच्या बाबतीत सापळा वेगळ्या ठिकाणी आहे. रायझन ५ ७५२०यू, रायझन ५ ७५३०यू आणि रायझन ५ ७५४०यू ही तीन नावे शेजारीशेजारी ठेवली, तर फरक नगण्य वाटतो. प्रत्यक्षात त्या नामपद्धतीतला तिसरा आकडा कोअरची पिढी सांगतो: ७५२०यू हा झेन २ चा, ७५३०यू झेन ३ चा आणि ७५४०यू झेन ४ चा प्रोसेसर आहे. पहिल्यात ४ कोअर आहेत, उरलेल्या दोघांत ६. जुन्या पिढीचा प्रोसेसर नव्या क्रमांकाखाली विकला जाणे ही या बाजारातली नेहमीची गोष्ट आहे, आणि जुनी पिढी म्हणजे बहुधा त्याच विजेत कमी काम. अक्षरांवरही डोळे मिटून विसंबू नये. इंटेलमध्ये ‘एचएक्स’ म्हणजे डेस्कटॉपच्या घराण्यातला, भरपूर वीज खाणारा प्रोसेसर. पण एएमडीच्या रायझन एआय ९ एचएक्स ३७० याच्या नावात तीच अक्षरे असूनही त्याची मूळ मर्यादा २८ वॅट आहे आणि लॅपटॉप बनवणारी कंपनी ती १५ ते ५४ वॅटमध्ये कुठेही ठेवू शकते.

प्रोसेसर तोच, लॅपटॉप वेगळा

१५ ते ५४ वॅट हा पल्ला बारकाईने पाहण्यासारखा आहे, कारण एकाच नावाचा प्रोसेसर दोन लॅपटॉपमध्ये दोन निराळ्या वेगांनी का चालतो, याचे उत्तर त्यात आहे. पातळ लॅपटॉपात उष्णता बाहेर टाकायला जागा नसते, म्हणून कंपनी मर्यादा खाली ठेवते. जाड लॅपटॉपात दोन पंखे असतात, म्हणून ती वर नेता येते. २०२० च्या नोव्हेंबरात ॲपलने एम१ हा प्रोसेसर मॅकबुक एअर आणि १३ इंची मॅकबुक प्रो अशा दोन्ही यंत्रांत दिला. एअरमध्ये पंखा नाही, प्रोमध्ये आहे. रोजच्या कामात दोघांत फरक जाणवत नाही, पण दीर्घकाळ चालणाऱ्या जड कामात एअर काही मिनिटांनी मंदावतो आणि प्रो आपला वेग टिकवून धरतो.

माझ्या भाचीने वास्तुकलेच्या अभ्यासासाठी घेतलेल्या एका पातळ लॅपटॉपावर हे मी स्वतः शेजारी बसून पाहिले. तिने रेंडर सुरू केले तेव्हा टास्क मॅनेजरमधला वेग साडेचार गिगाहर्ट्झच्या जवळ होता आणि पंखा नुकताच घरघरू लागला होता. अर्धे मिनिट होते न होते तोच आकडा घसरायला लागला, तीनच्या खाली गेला आणि उरलेला सगळा वेळ तिथेच राहिला. कीबोर्डच्या वरची पट्टी तोवर हाताला चटका बसावा इतकी तापली होती. तिने पैसे मोजले होते ते साडेचारच्या आकड्यासाठी, आणि तो तिला मिळत होता जेमतेम तीस सेकंद. प्रोसेसरमध्ये दोष नव्हता. त्या देहयष्टीत तो प्रोसेसर घालण्याचा निर्णयच चुकीचा होता.

म्हणून परीक्षणे वाचताना प्रोसेसरची नव्हे, तर आपण घेणार आहोत त्याच लॅपटॉप मॉडेलची वाचावीत, आणि त्यांत दोन गोष्टी शोधाव्यात. पहिली, पाच-दहा मिनिटांच्या सलग भारानंतर प्रोसेसर किती वॅटवर स्थिरावतो. दुसरी, चार्जर काढल्यावर त्याचा वेग किती कमी होतो. विंडोजवरचे बरेच लॅपटॉप बॅटरीवर जाताच वीजमर्यादा खाली आणतात, त्यामुळे वेगाचा आकडा चार्जर लावून मोजलेला आणि तासांचा आकडा चार्जर काढून मोजलेला, अशी जोडी आपल्यासमोर येते. हे दोन्ही आकडे एकाच वेळी आपल्याला कधीच मिळणार नसतात. ॲपलच्या एम मालिकेच्या लॅपटॉपांची बाजू इथे भक्कम आहे, कारण चार्जर असो वा नसो, त्यांचा वेग जवळपास सारखाच राहतो.

आर्मवर जायचे का?

एम मालिकेप्रमाणेच क्वालकॉमचे स्नॅपड्रॅगन एक्स हे प्रोसेसरही आर्म पद्धतीचे, म्हणजे इंटेल आणि एएमडीपेक्षा वेगळ्या सूचना-भाषेचे, आहेत आणि जून २०२४ पासून ते विंडोज लॅपटॉपांत मिळू लागले. हलक्या कामातली आणि झाकण मिटून ठेवल्यावरची त्यांची काटकसर चांगली आहे. आर्मसाठी न लिहिलेली सॉफ्टवेअरे विंडोज अनुवाद करून चालवते आणि त्यांपैकी बरीच व्यवस्थित चालतातही. मात्र अनुवादात थोडा वेग जातो आणि थोडी बॅटरीही. खरी अडचण ड्रायव्हरची, म्हणजे जोडलेली उपकरणे चालवणाऱ्या छोट्या सॉफ्टवेअरची, आहे, कारण ड्रायव्हर अनुवादित होत नाहीत, ते आर्मसाठीच लिहिलेले असावे लागतात. जुना स्कॅनर, डिजिटल सहीचे यूएसबी टोकन, कार्यालयाचे विशिष्ट व्हीपीएन, फसवणूक रोखणारी प्रणाली असलेले खेळ, यांपैकी एकही गोष्ट आपल्या कामाची असेल, तर ती आर्म विंडोजवर चालते याची खात्री झाल्याशिवाय पुढे जाऊ नये. इतका चांगला बॅटरी बॅकअप असूनही ज्या यंत्रावर आपले रोजचे एक काम होत नाही, ते यंत्र आपल्यासाठी नाही.

बॅटरी खाणारे इतर भाग

प्रोसेसर काटकसरी असला तरी वेगळे ग्राफिक्स कार्ड त्याची बचत सहज गिळून टाकू शकते. काम नसताना ते पूर्ण बंद होणे अपेक्षित असते, पण काही लॅपटॉपांत बाहेरच्या मॉनिटरचे पोर्ट थेट त्याच कार्डाला जोडलेले असल्याने मॉनिटर लावताच ते जागे होते आणि जागेच राहते. खेळ, त्रिमितीय आरेखन किंवा जड व्हिडिओ संपादन यांपैकी काही करायचे नसेल, तर प्रोसेसरमधलेच ग्राफिक्स आता पुरेसे आहे. पडद्याचा वाटाही मोठा असतो; जास्त रिझोल्यूशन आणि १२० हर्ट्झसारखा जास्त रिफ्रेश रेट यांची किंमत बॅटरीच मोजते.

कंपनीने सांगितलेले तास बहुधा व्हिडिओ पाहण्याचे असतात, आणि ते नेमके काय मोजतात ते लक्षात घ्यायला हवे. व्हिडिओ उलगडण्यासाठी प्रोसेसरमध्ये स्वतंत्र यंत्रणा असते. ती चालू असताना मुख्य कोअर बहुतांश वेळ झोपलेले असतात. म्हणून तो आकडा मोठा दिसतो आणि ब्राउझरमध्ये वीस टॅब उघडून काम करणाऱ्याला तो कधी मिळत नाही. ही यंत्रणा कोणते फॉरमॅट ओळखते यावरही पुष्कळ अवलंबून असते: एव्ही१ हा फॉरमॅट ॲपलच्या प्रोसेसरांत एम३ पासून यंत्रणेतच उलगडला जातो, एम१ आणि एम२ मध्ये ते काम कोअरना करावे लागते. कंपनीच्या संकेतस्थळावर तळटीपेत चाचणीची पद्धत दिलेली असते. त्यात वायरलेस वेब किंवा तत्सम ब्राउझिंगचा वेगळा आकडा असेल, तर हिशेबासाठी तोच धरावा.

घरी आणल्यानंतर

परत करण्याची मुदत संपण्याआधी दोन चाचण्या करून घ्याव्यात. पहिल्या दिवशी अपडेट आणि फाइलींची अनुक्रमणी सुरू असल्याने बॅटरी नेहमीपेक्षा लवकर उतरते, म्हणून या चाचण्या दोन-तीन दिवसांनी कराव्यात. पडद्याचा उजेड आपल्या रोजच्या सवयीइतका ठेवून, बॅटरी पूर्ण भरून, चार्जर काढावा आणि आपलेच नेहमीचे काम बरोबर दोन तास करावे. दोन तासांत २५ टक्के गेले, तर पूर्ण बॅटरीचे ८ तास धरता येतात. ४० टक्के गेले, तर ५. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्टवर पॉवरसीएफजी (powercfg) या आज्ञेला बॅटरी रिपोर्टचा (/batteryreport) पर्याय देऊन मिळणारा अहवालही जरूर पाहावा, कारण बॅटरीची मूळ क्षमता आणि सध्या पूर्ण भरल्यावरची क्षमता हे दोन्ही आकडे त्यात शेजारीशेजारी येतात. नव्या यंत्रात ते जवळजवळ सारखे असायला हवेत.

दुसरी चाचणी रात्रीची आहे. झोपण्यापूर्वी बॅटरीचा आकडा लिहून ठेवावा, शटडाउन न करता नुसते झाकण मिटावे आणि सकाळी उघडून पुन्हा आकडा पाहावा. रात्रभरात दोन-चार टक्के उतरले असतील तर यंत्र नीट झोपते आहे. पंधरा-वीस टक्के उतरले असतील आणि बॅगेत ठेवलेला लॅपटॉप गरम लागत असेल, तर आधी सर्व ड्रायव्हर आणि बायोस (यंत्र सुरू करणारे मूळ सॉफ्टवेअर) अद्ययावत करून तीच चाचणी पुन्हा एकदा करावी, आणि तरीही आकडा सुधारला नाही तर मुदतीच्या आत ते यंत्र परत करावे.